मूलभूत स्थिरांकांच्या किमती अशाच का? आधी कुठला स्थिरांक ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: प्रकाशाचा वेग, गुरुत्वस्थिरांक, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा १/१३७ हा प्रसिद्ध आकडा, या सगळ्यांच्या किमती आहेत त्याच का? त्या कुठल्या तरी सिद्धांतातून निघतात, की नुसत्याच आहेत? आणि त्या जराशा वेगळ्या असत्या तर आपण नसतो असं म्हणतात, ते कितपत खरं?

कणभौतिकीत काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सारखा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुधा एकाच शब्दात उत्तर हवं असतं: योजना, योगायोग किंवा बहुविश्व (म्हणजे वेगवेगळ्या आकड्यांची अगणित विश्वं, त्यांतलं एक आपलं). माझी अडचण अशी की हे आकडे एका जातीचे नाहीतच. काहींना 'का' हा प्रश्न लागूच पडत नाही. काहींचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, पण ते लोकांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. काहींबाबत आम्ही आजही नुसतं मोजमाप करत बसलो आहोत. आणि एखादा आकडा खरोखरच अपघात असेल, हेही नाकारता येत नाही. तेव्हा एकेक करून घेऊ.

प्रकाशाचा वेग सगळ्यात लवकर निकालात निघतो. निर्वातात तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे, आणि हा आकडा मोजून काढलेला नाही, ठरवून टाकलेला आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी आहे की प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या हिश्श्यात जेवढं अंतर कापतो तेवढा एक मीटर. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक यांच्या किमतीही अशाच कायमच्या पक्क्या करण्यात आल्या. किलोग्रॅम, अँपिअर आणि केल्व्हिन आता त्यांवरून ठरतात. त्यामुळे 'एवढाच का' याचं उत्तर भौतिकीत शोधून उपयोग नाही, ते इतिहासात आहे. मीटर अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून ठरला, सेकंद पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यावरून आला, आणि पुढच्या सगळ्या व्याख्यांनी ती जुनी मापं तशीच सांभाळली.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: बरं, पण हा वेग उद्या दुप्पट झाला तर? दुप्पट कशाच्या मानानं, ते आधी सांगावं लागेल. फूटपट्टी अणूंची बनलेली, घड्याळ अणूंच्या कंपनावर चालणारं. वेगाबरोबर फूटपट्टी आणि घड्याळही त्याच हिशेबात बदललं, तर कुठल्याही प्रयोगात काहीही दिसणार नाही. दिसेल ते गुणोत्तर बदललं तरच. म्हणून आमच्या लेखी खरे आकडे ते, ज्यांना कुठलंही एकक चिकटलेलं नाही. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड आहे, हा खरा आकडा. दोन प्रोटॉनमधलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या एकावर ३६ शून्ये इतक्या पटीनं मोठं आहे, हाही खरा आकडा. यांना मात्र 'का' विचारता येतं.

असे आकडे आहेत किती? कणांचा जो सर्वमान्य सिद्धांत आहे, स्टँडर्ड मॉडेल, त्यात न्यूट्रिनो या अतिशय हलक्या, भार नसलेल्या कणांची वस्तुमानं धरली तर साधारण २६. तीन बलांच्या ताकदी, सहा क्वार्कांची (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची) वस्तुमानं, इलेक्ट्रॉन-म्युऑन-टाऊ यांची तीन, न्यूट्रिनोंची तीन, क्वार्कांच्या आपसातल्या मिसळणीचे चार, न्यूट्रिनोंच्या मिसळणीचे चार, हिग्जचे दोन, आणि शेवटी थीटा नावाचा एक कोन, ज्याच्याकडे मी पुढे येणार आहे. गुरुत्वाकर्षण आणि विश्वस्थिरांक (रिकाम्या अवकाशाची ऊर्जा) यांचा हिशेब वेगळा. या यादीकडे जरा नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. वस्तुमानं, मिसळणी आणि हिग्जचे स्वतःचे दोन मिळून २२ आकडे हिग्ज क्षेत्राशी, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या सर्वत्र पसरलेल्या क्षेत्राशी, जोडलेले आहेत (न्यूट्रिनोंची वस्तुमानं नेमकी कुठून येतात हे अजून ठरलेलं नाही, तो भाग सोडून). बलांच्या बाजूला सगळं कसं आटोपशीर आहे. पसारा सगळा हिग्जच्या घरात. लोक 'विश्वाचे स्थिरांक' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रकाश आणि गुरुत्व असतं, पण न सुटलेल्या कोड्यांपैकी बहुतेक इथे आहेत.

आता ज्याचं उत्तर मिळालं आहे तो आकडा. त्याच्यावर थोडा वेळ घालवतो, कारण 'उत्तर मिळणं' म्हणजे काय असतं हे त्यातून कळतं.

कणांची वस्तुमानं आम्ही ऊर्जेच्या एककात लिहितो, दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे एमईव्हीत. प्रोटॉन ९३८.३ एमईव्हीचा. त्यात दोन अप क्वार्क आणि एक डाउन क्वार्क. अपचं वस्तुमान सुमारे २.२, डाउनचं सुमारे ४.७. बेरीज नऊच्या आसपास, म्हणजे एकूण वस्तुमानाच्या एक टक्का. उरलेले ९९ टक्के क्वार्कांच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा आहे. तुमच्या-माझ्या वजनातला बहुतांश भाग हिग्जमुळे नाही, यामुळे आहे. 'हिग्ज कण सगळ्यांना वस्तुमान देतो' हे वाक्य २०१२ मध्ये तो कण सापडल्यानंतर इतक्या वेळा छापलं गेलं की ही साधी गोष्ट त्याखाली दबून गेली.

पण ती बांधणारी ऊर्जा तेवढीच का? १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं की प्रबळ बल, म्हणजे क्वार्कांना बांधणारं बल, अंतर कमी होईल, ऊर्जा वाढेल, तसं अशक्त होत जातं, आणि हे अशक्त होणं अतिशय संथ, लॉगॅरिदमच्या चालीनं होतं: ऊर्जा कित्येक पटींनी वाढावी तेव्हा ताकद थोडीशी बदलते. उलट्या दिशेनं बघा. जिथे गुरुत्वाकर्षण इतर बलांच्या तोडीस येतं त्या प्लांकच्या ऊर्जेपासून निघालो, तर तिथे प्रबळ बलाची ताकद साधारण १/५० आहे. खाली येताना ती हळूहळू वाढते, आणि जिथे ती एकाच्या घरात पोचते तिथे क्वार्क बांधले जातात. प्रोटॉनचं वस्तुमान तिथे ठरतं. किती खाली यावं लागतं? ढोबळ सूत्र असं: २π गुणिले ५०, भागिले ७. हा ७ म्हणजे ११ वजा क्वार्कांच्या सहा प्रकारांचे दोन-तृतीयांश, तो सिद्धांतातूनच येतो. उत्तर सुमारे ४५. मग e (सुमारे २.७१८) या संख्येचा ४५ वा घात काढा: साधारण ३५ वर १८ शून्ये. प्रत्यक्षात प्लांकचं वस्तुमान प्रोटॉनच्या १३ वर १८ शून्ये इतक्या पट आहे. कागदावर दोन ओळींत केलेल्या हिशेबाला वीस अंकी संख्येत जेमतेम तिप्पट चूक. (५० च्या जागी ४९ घेतलं तर उत्तर जवळजवळ नेमकं येतं, पण त्यावर हुरळून जाऊ नका. खालच्या ऊर्जेला तो ७ बदलतो, आणि प्रोटॉनचं वस्तुमान म्हणजे नेमकी ती सीमारेषा नव्हे.)

गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का, या प्रश्नाचं हे खरं उत्तर आहे. गुरुत्व दुबळं वाटतं, कारण प्रोटॉन प्लांकच्या वस्तुमानापेक्षा फार हलका आहे. आणि तो हलका आहे, कारण १/५० ची वाढ होऊन एकापर्यंत पोचायला लॉगॅरिदमच्या चालीनं फार लांबचा प्रवास लागतो. याच गुणोत्तराचा घन केला की एकावर ५७ शून्यांच्या घरातली संख्या मिळते, आणि एका ताऱ्यात साधारण तेवढे प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. मृत ताऱ्याचं वस्तुमान जास्तीत जास्त किती असू शकतं ते सांगणाऱ्या चंद्रशेखर मर्यादेच्या सूत्रातही हाच घन बसलेला आहे. तारे एवढे मोठे का, याचा धागा असा थेट प्रबळ बलाच्या ताकदीपर्यंत जातो. आता तुम्ही म्हणाल, १/५० च का? विचारा. त्याचं पक्कं उत्तर नाही. १९७४ मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी तिन्ही बलं वरच्या ऊर्जेला एकच होतात अशी मांडणी केली. तीन ताकदी एकमेकींच्या जवळ येतात हे खरं, पण त्या मांडणीप्रमाणे प्रोटॉनचा ऱ्हास व्हायला हवा, आणि जपानमधल्या सुपर-कामिओकांदे टाकीत तो अजून दिसलेला नाही. तरीही वीस अंकी कोडं दोन अंकी झालं, ही कमाई लहान नाही.

आता जिथे अर्धंच उत्तर आहे असा आकडा. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा १.२९३ एमईव्हीनं जड आहे. एवढ्याशा फरकावर रसायनशास्त्र उभं आहे. हा फरक इलेक्ट्रॉनच्या ०.५११ एमईव्हीपेक्षा कमी असता, तर हायड्रोजनच्या अणूतला प्रोटॉन स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन झाला असता. २०१५ मध्ये एका युरोपीय गटानं महासंगणकावर हा फरक पहिल्या तत्त्वांपासून काढला. प्रोटॉनला विद्युतभार आहे म्हणून विद्युतचुंबकीय ऊर्जा त्याला सुमारे १ एमईव्हीनं जड करते; डाउन क्वार्क अपपेक्षा जड आहे म्हणून न्यूट्रॉन सुमारे अडीच एमईव्हीनं जड होतो; वजाबाकी दीडच्या आसपास, आणि त्यांच्या हिशेबाची अनिश्चितता ०.३. मोजलेल्या किमतीशी जुळलं. म्हणजे फरक कशातून येतो ते कळलं.

पण डाउन अपपेक्षा जड का? इथे मात्र हात टेकतात. सहा क्वार्कांच्या तीन जोड्या आहेत, त्यांना आम्ही पिढ्या म्हणतो; अप-डाउन ही पहिली. दुसऱ्या पिढीत चार्म स्ट्रेंजपेक्षा तेरापट जड, तिसरीत टॉप बॉटमपेक्षा चाळीसपट जड. दोन्हीकडे धन भाराचा क्वार्क जड, आणि पहिल्या पिढीत, नेमकं आपल्या उपयोगाच्या ठिकाणी, उलटं. टॉप क्वार्क इलेक्ट्रॉनच्या तीन लाखांहून अधिक पट जड आहे. हिग्ज क्षेत्राशी असलेल्या नात्याच्या भाषेत सांगायचं तर टॉपचा आकडा जवळजवळ १ आणि इलेक्ट्रॉनचा सुमारे दहा लाखांत ३. कुठल्याही समजूतदार सिद्धांतातून १ येणं स्वाभाविक वाटतं. दहा लाखांत ३ का, हे सांगणाऱ्या कल्पना डझनांनी आहेत आणि एकही सिद्ध झालेली नाही.

मग 'आपल्यासाठीच नेमक्या जुळवलेल्या किमती' या मुद्द्याकडे येतो. याची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कार्बनची. ताऱ्यात हीलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन बनतो, पण दोन जुळून होणारं बेरिलियम-८ हे सेकंदाच्या शंभर कोटी कोटीव्या भागाच्या आसपास टिकतं. तेवढ्यात तिसरं येऊन चिकटायचं, तर कार्बनची एक उत्तेजित पातळी नेमक्या जागी हवी. १९५३ मध्ये फ्रेड हॉईलनं ती ७.६५ एमईव्हीच्या आसपास असलीच पाहिजे असा आग्रह धरला आणि कॅल्टेकमधल्या प्रयोगात ती सापडली. ही गोष्ट 'जीवसृष्टीवरून केलेलं भाकीत' म्हणून सांगितली जाते. त्या वेळी हॉईलच्या डोक्यात ताऱ्यांमधल्या कार्बन-ऑक्सिजनच्या प्रमाणाचा हिशेब होता. जीवसृष्टीचा अर्थ नंतर लावला गेला. आणि नाजूकपणाही ऐकिवात आहे तितका नाही. पातळी ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टनं वर सरकवली तरी कार्बनचं उत्पादन फारसं बिघडत नाही, असं १९८९ मधल्या गणितात दिसलं. क्वार्कांच्या वस्तुमानात दोन-तीन टक्क्यांचा फरक चालून जातो, असं अलीकडचे संगणकीय हिशेब सांगतात. दोन-तीन टक्के म्हणजे सुरीची धार म्हणता येणार नाही, पण मोकळं मैदानही नाही.

शिवाय अशा बहुतेक दाव्यांत एक आकडा हलवून बाकीचे पंचवीस जागच्या जागी धरून ठेवलेले असतात. दोन-तीन एकदम हलवले की जगण्याजोग्या जागा इतरत्रही निघू शकतात. त्यामुळे 'एक टक्का बदल आणि सारं संपलं' छापाचं वाक्य दिसलं की मी आधी बाकीचे आकडे कुठे होते ते बघतो.

तरी हा युक्तिवाद फेकून देण्याजोगा नाही, आणि एकदा त्यानं खरोखर काम केलं आहे. १९३७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या लक्षात आलं की इलेक्ट्रॉन-प्रोटॉनमधलं विद्युतबल गुरुत्वबलाच्या एकावर ३९ शून्ये इतकं आहे, आणि विश्वाचं वय अणूच्या काळाच्या एककात मोजलं तर तेही त्याच घरात येतं. एवढ्या मोठ्या दोन संख्या योगायोगानं कशा जुळतील? म्हणून त्यानं सुचवलं की विश्वाचं वय वाढतं तसं गुरुत्व क्षीण होत असावं. टेलरनं १९४८ मध्ये हिशेब दाखवला की तसं असतं तर पूर्वीचा सूर्य इतका प्रखर असता की पृथ्वीवरचे समुद्र उकळले असते. १९६१ मध्ये डिकेनं कोडंच उलगडलं. प्रश्न विचारायला निरीक्षक हवा, निरीक्षकाला कार्बन हवा, कार्बनला निदान एक ताऱ्यांची पिढी जळून जायला हवी, आणि ताऱ्याचं आयुष्य काढलं तर त्याच्या सूत्रात तोच ३९ शून्यांचा आकडा येतो. आपण या वयाच्या विश्वातच असणार होतो. यात दुसरं विश्व कल्पावं लागत नाही, फक्त 'आपण कधी बघतोय' हे लक्षात ठेवावं लागतं. अपोलोच्या मोहिमांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून आता माहीत आहे की गुरुत्वस्थिरांक वर्षाला एक लाख कोटीत एक भागही बदलत नाही.

हीच रीत विश्वस्थिरांकाला लावली की पाय घसरायला लागतात. निर्वाताची ऊर्जा सरळ अंदाजानं जेवढी यावी त्यापेक्षा प्रत्यक्षात ती एकावर १२२ शून्ये इतक्या पटीनं कमी आहे. भौतिकीतल्या कुठल्याही फसलेल्या अंदाजात याचा हात कुणी धरणार नाही. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्गनं म्हटलं की ही ऊर्जा फार जास्त असती तर वायू जमून दीर्घिका बनायच्या आधीच विश्व फाकलं असतं. त्यामुळे ती एका मर्यादेच्या आत असणार, आणि शून्यच असावी असं काही कारण नाही. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचं प्रसरण वेगावतंय हे दाखवलं, आणि किंमत त्या मर्यादेच्या आत, शून्याहून वेगळी निघाली. आधी सांगून नंतर सापडलं, हे श्रेय द्यावंच लागेल. पण हा युक्तिवाद चालायला वेगवेगळ्या विश्वस्थिरांकांची अगणित विश्वं खरोखर असायला हवीत. कणांच्या जागी सूक्ष्म तंतू मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतात तशा निर्वातांची, म्हणजे शक्य असलेल्या वेगवेगळ्या विश्वांची, संख्या एकावर ५०० शून्ये इतकी असू शकते असा अंदाज आहे. मात्र त्यांतलं कुठलं किती वेळा घडतं, याची मोजणी कशी करायची यावर आजही एकमत नाही. मोजणीची रीत बदलली की भाकीत बदलतं, आणि अशा भाकितावर मी फार वजन टाकत नाही.

तत्त्व म्हणून मात्र अपघाताला माझी हरकत नाही. १५९६ मध्ये केपलरनं सहा ग्रहांच्या कक्षांमधली अंतरं पाच नियमित घनाकृतींवरून काढून दाखवली होती. प्रश्न त्या काळी तितकाच मूलभूत वाटत होता. आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वी सूर्यापासून एवढ्याच अंतरावर का, याला सिद्धांतातून निघणारं उत्तर नाही. ग्रहमालेच्या जन्मात जे घडलं ते घडलं, आणि ग्रहमाला अब्जावधी आहेत. आपल्या २६ पैकी काही आकडे असेच निघू शकतात.

सगळेच तसे असतील का? इथे तो थीटा कोन कामाला येतो, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला तो सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार आहे. प्रबळ बलाच्या समीकरणात हा कोन काहीही असू शकतो. तो शून्य नसेल तर न्यूट्रॉनच्या आत धन आणि ऋण भार थोडेसे एका बाजूला सरकलेले दिसायला हवेत. न्यूट्रॉनवर अनेक दशकं मोजमापं चालू आहेत, २०२० चं सर्वांत काटेकोर मोजमाप स्वित्झर्लंडमध्ये झालं, आणि काहीही दिसलेलं नाही. त्यावरून थीटा एक हजार कोटीत एक भागापेक्षा कमी निघतो. आता बघा: तो हजारात एक असता तरी तारे, कार्बन, पाणी, आपण, कुणाचंच काही बिघडलं नसतं. जीवसृष्टीच्या गरजेतून तो एवढा लहान असण्याचं कारणच नाही. आकडे स्वैर वाटले गेले असते तर हा एवढा शून्याला टेकला नसता. म्हणजे निदान एका आकड्यामागे काहीतरी यंत्रणा असावी. पेक्सी आणि क्विन यांनी १९७७ मध्ये एक सुचवली, तिच्यातून अ‍ॅक्सिऑन नावाचा कण निघतो, आणि तो शोधणारे प्रयोग आज चालू आहेत. 'सगळं बहुविश्वानं ठरलं' म्हणणाऱ्याला मी थीटाबद्दल विचारतो. बहुधा संभाषण दुसरीकडे वळतं.

हिग्जचं वस्तुमान, १२५ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), हा दुसऱ्या टोकाचा त्रास. क्वांटम दुरुस्त्या त्याला प्लांकच्या ऊर्जेकडे ओढायला हव्यात, तरी ते खालीच राहिलं आहे. त्याला सांभाळायला महासममिती या कल्पनेप्रमाणे प्रत्येक कणाला असणारे जोडीदार कण येतील असा दोन पिढ्यांचा भरवसा होता. जिनिव्हाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये आजवर एकही दिसलेला नाही. त्या गर्दीत एक वेगळं भाकीत झाकलं गेलं. २००९ च्या अखेरीस शापोश्निकोव्ह आणि वेटरिख यांनी, गुरुत्वाकर्षण अतिउच्च ऊर्जेलाही स्वतःच सावरतं असं गृहीत धरून, हिग्ज सुमारे १२६ जीईव्हीचा असेल असं लिहिलं होतं. कण सापडला २०१२ मध्ये. गृहीतकं खरी आहेत की नाही ते सिद्ध झालेलं नाही, पण मोजणीच्या आधी किंमत सांगणं याला म्हणतात.

हे आकडे काळाबरोबर बदलत असतील का, हा उपप्रश्न पटकन संपवतो. गॅबनमधल्या ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या युरेनियमची नैसर्गिक अणुभट्टी चालली होती. तिथल्या समेरियमच्या प्रमाणावरून कळतं की १/१३७ चा आकडा तेव्हाही आजच्या इतकाच होता, फरक असलाच तर कोटीत एका भागाच्या घरातला किंवा त्याहून कमी. आजची अणुघड्याळं याहून कितीतरी काटेकोर आहेत. बदल दिसलेला नाही.

शेवटी १३७, कारण वाचकांकडून मला टपालात सूत्रं येतात ती याचीच. विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा हा सूक्ष्मरचना स्थिरांक सॉमरफेल्डनं १९१६ मध्ये आणला. एडिंग्टननं तो शुद्ध तर्कानं १/१३६ काढला, मोजमापं १३७ कडे झुकली तेव्हा तर्कात एक मिळवला. अशा सूत्रांमागची मोठी अडचण निराळीच आहे. १३७.०३६ ही किंमत कमी ऊर्जेची आहे. दुर्बल बल वाहणाऱ्या झेड बोसॉन या जड कणाच्या ऊर्जेला हाच आकडा १/१२८ च्या आसपास होतो. खाली येईपर्यंत वाटेत प्रत्येक भारित कणाच्या वस्तुमानाचा त्यावर परिणाम झालेला असतो. १३७.०३६ साठी सुबक सूत्र शोधणं म्हणजे नदीच्या मुखाशी पाणी चाखून उगमाच्या दगडाचा रंग सांगणं. तसंच १९५१ मध्ये एका भौतिकी नियतकालिकात दोन-तीन वाक्यांची टीप आली: प्रोटॉन-इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानांचं गुणोत्तर म्हणजे π च्या पाचव्या घाताची सहापट, १८३६.१२. त्या वेळच्या मोजमापाशी तंतोतंत. आज गुणोत्तर १८३६.१५२६७ आहे आणि सूत्र १८३६.११८ वर अडकलेलं आहे.

म्हणून नवं सूत्र आलं की मी तीन गोष्टी बघतो. आकडा कुठल्या ऊर्जेचा घेतलाय, सूत्र जुळवताना किती गोष्टी मनाजोग्या निवडल्या, आणि अजून न मोजलेला एखादा अंक ते सांगतं का. या तिसऱ्या कसोटीला उतरलेलं एकच सूत्र मला अजून छळतं. जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइदे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज, भागिले त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग, म्हणजे दोन-तृतीयांश. त्या वेळी टाऊचं मोजलेलं वस्तुमान १७८४ एमईव्ही होतं आणि सूत्र १७७७ म्हणत होतं. १९९२ मध्ये बीजिंगच्या मोजमापानं टाऊला १७७७ जवळ आणून बसवलं. पहिल्या कसोटीला मात्र ते नापास होतं: वस्तुमानं वरच्या ऊर्जेची घेतली की दोन-तृतीयांश थोडंसं सुटतं, आणि खोल कारण असतं तर ते तिथे जास्त नेमकं बसायला हवं होतं. तरी सूत्र आजही टाऊसाठी १७७६.९७ सांगतं, आणि सगळ्या मोजमापांची सरासरी १७७६.९३ आहे, अनिश्चितता ०.०९. आणखी एक दशांश अंक मोजला गेला की हे प्रकरण एकीकडे लागेल.